‘तंबोरा लावणे’ : आभासी तंतुवाद्ये आणि एका क्रियापदाचे अर्थांतर

मराठीतील ‘लावणे’ हे क्रियापद अर्थबहुल आहे. झाड लावतात, दिवा लावतात, दार लावतात, मलम लावतात, श्लोकाचा अर्थ लावतात आणि सूरही लावतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती घ्या की १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश घ्या, या एका नोंदीने बरीच जागा अडविलेली दिसते. या अर्थांच्या दाटीत ‘तंबोरा लावणे’ हा प्रयोग फारसा कोणाच्या नजरेत भरत नाही. गायकांच्या घराण्यांत आणि कीर्तनकारांच्या मेळ्यांत त्याचा अर्थ एकच होता : तंबोऱ्याच्या तारा परस्परांशी व गाणाऱ्याच्या षड्जाशी मिळवून घेणे. आज शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावी घरातल्या एका खोलीत संगणकावर गाणे बसविणारा विद्यार्थी शेजारच्या मित्राला “तंबोरा लाव” म्हणतो, तेव्हा त्याला निराळेच काही अभिप्रेत असते. पडद्यावरच्या एका खुणेस बोट लावले की तंबोरा ‘लागतो’. ‘पंखा लाव’ आणि ‘तंबोरा लाव’ ही दोन वाक्ये आता अर्थदृष्ट्या सख्खी भावंडे झाली आहेत.

हे अर्थांतर कसे झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. वरवर पाहता तो कोशकाराच्या टिपणापुरता वाटेल. वस्तुतः त्याच्या पोटात तंतुवाद्याच्या ध्वनीची गेल्या शंभर वर्षांतील सगळी वाटचाल सामावलेली आहे. तार, घोडी, भोपळा आणि बोट यांच्यापासून ध्वनी टप्प्याटप्प्याने सुटा होत गेला; आणि प्रत्येक टप्प्यावर जुळवणीचा एकेक अंश वादकाच्या हातून निघून यंत्राच्या स्वाधीन झाला. भाषेने या स्थित्यंतराची नोंद ठेवली आहे, पण ती नव्या शब्दाने ठेवलेली नाही. जुन्याच शब्दाचा अर्थ पालटून ठेवली आहे.

प्रथम मूळ क्रियेचे स्वरूप पाहू. चार तारांच्या तंबोऱ्यात पहिली तार सामान्यतः पंचमाची, मधल्या दोन पोलादी तारा षड्जाच्या जोडीच्या आणि शेवटची पितळी तार खर्जाची असते. राग पंचमवर्जित असेल तर पहिली तार मध्यमाला किंवा निषादाला लावतात. जुळवणीच्या तीन पायऱ्या आहेत. खुंटी पिळून तार ढोबळ मानाने स्वरात आणावयाची. मग घोडीच्या खालच्या बाजूस तारेत ओवलेला मणी किंचित पुढेमागे सरकवून बारीक अंतर भरून काढावयाचे. आणि शेवटी घोडीच्या माथ्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवीत नेऊन जवारी खुलवावयाची. या तिसऱ्या पायरीला स्वराची उंची बदलत नाही. बदलते ती त्याची कांती. दोरा योग्य जागी आला की तारेतून एक तेजस्वी गुंजारव फुटतो व मूळ स्वराच्या वरचे अनेक उपस्वर कानांवर येऊ लागतात. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, ही गोष्ट गाण्याच्या तालमीत बसलेल्या कोणासही सांगावी लागत नाही. जोडीच्या दोन तारा तर एकमेकींत विरघळेपर्यंत थांबावे लागते. मैफलीपूर्वीचा हा वेळ श्रोत्यांना कंटाळवाणा वाटे खरा; परंतु गायकाचा कान त्याच वेळात त्या दिवसाच्या षड्जावर बसत असे.

या वाद्याचे माहेर महाराष्ट्रात मिरज होय. तेथील शिकलगार कुटुंबे मूळची शस्त्रांना धार लावणारी. (येथेही ‘लावणे’च आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचा व्यवसाय मावळू लागला. त्या सुमारास पटवर्धनांच्या संस्थानात गायकवादकांचा राबता होता आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणाऱ्या हातांची गरज होती. फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून ही परंपरा सांगितली जाते. पुढे त्यांच्या वंशजांचे ‘सतारमेकर’ हे आडनावच झाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढे या भीमेकाठच्या भागातला, लाकूड तुणीचे, आणि जवारी काढण्याची कानस घरातली, असा हा उद्योग आहे. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस वास्तव्य केले व १९३७ मध्ये त्यांचे दफनही तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले. गायक, कारागीर आणि श्रोता हे तिघे एकाच गावात नांदण्याचा तो योग होता. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात, गोमाईच्या काठी वसलेल्या शहाद्याला तो योग कधीच लाभला नाही. येथला मनुष्य तंबोरा विकत घेईल. पण जवारी बसली की त्याला मिरजेचा किंवा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. यंत्रातला तंबोरा या भागात इतक्या सहजतेने का रुजला, याचे अर्धे उत्तर या अंतरात आहे. आधुनिक पिढीच्या आळसावर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल.

जवारीमागचे शास्त्र १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन् यांनी मांडले. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात यंगच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे : तार ज्या बिंदूवर छेडली तो बिंदू एखाद्या उपस्वराचा स्थिरबिंदू असेल, तर तो उपस्वर त्या ध्वनीत उमटत नाही. तंबोरा आणि वीणा ही वाद्ये हा नियम पाळीत नाहीत, असे रामन् यांना आढळून आले. जो उपस्वर नसावयास हवा तोही येथे ठसठशीतपणे हजर असतो. याचे कारण घोडीच्या रचनेत आहे. सारंगीची किंवा व्हायोलिनची घोडी तारेला धारेवर तोलते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची असल्यामुळे कंप पावणारी तार तिच्या माथ्याला घासत, लपेटत आणि सुटत राहते. प्रत्येक कंपनात तारेची परिणामी लांबी क्षणोक्षणी बदलते आणि शक्ती खालच्या स्वरांतून वरच्या स्वरांत वाहत राहते. मिरजेच्या कारागिराला हा सिद्धान्त ठाऊक नव्हता. कानशीचा कोणता हात किती द्यावा, हे मात्र त्याला ठाऊक होते.

तारेचा स्वर पट्टीत बांधण्याचा पहिला मोठा वाद महाराष्ट्रात पेटीवरून झाला. हार्मोनियमच्या स्वरपट्ट्या कारखान्यात जुळवून येतात. वादकाला त्या ‘लावाव्या’ लागत नाहीत. सारंगीची जागा पेटीने घेतली ती बव्हंशी या सोयीमुळे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी करविण्याचा घाट घातला. खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर तारेवर मोजून पेटीत उतरवावयाचे, असा हा उपक्रम होता. बडोद्यास १९१६ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेतही श्रुतींचा हा प्रश्न वादाचा ठरला. पुढे १९४० साली नभोवाणीने पेटीला साथीतून बाहेर काढले व हा निर्बंध १९७१ पर्यंत टिकला. देवलांचा प्रयत्न फसला असे म्हणण्याची रूढी आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. गळ्यातील स्वराचे माप घ्यावे, ते यंत्रात बसवावे आणि यंत्राने ते मागू तेव्हा परत द्यावे, ही कल्पना देवलांच्या हाती अपुऱ्या साधनांनिशी आली, एवढेच. आजचे प्रत्येक आभासी तंतुवाद्य याच कल्पनेचे अपत्य आहे.

आता क्रियापदाकडे वळू. अर्थांतर एका उडीत होत नसते. दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतील अशी एक संदिग्ध अवस्था मध्ये असावी लागते. ‘लावणे’च्या बाबतीत ती अवस्था रेडिओने पुरविली, असे माझे प्रतिपादन आहे. मुंबईचे केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले आणि यथाकाल ‘रेडिओ लावणे’ हा प्रयोग रूढ झाला. जुन्या रेडिओवर केंद्र ‘लावावे’ लागे. खरखरीतून स्वच्छ आवाज येईपर्यंत खुंटी हलके हलके फिरवावी लागे. ही क्रिया चालू करण्याची होती, तशीच कान देऊन जुळविण्याचीही होती. तंबोऱ्याची खुंटी पिळणारा आणि रेडिओची खुंटी पिळणारा हात फारसा वेगळा नव्हता. रेडिओचे केंद्र शोधण्याची गरज पुढे संपली. ‘लावणे’तला जुळवणीचा अंश गळाला आणि ‘चालू करणे’ एवढाच शिल्लक राहिला.

हीच संदिग्धता विद्युत् तंबोऱ्यात पुन्हा दिसते. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली असा तंबोरा सिद्ध केला. त्या पेटीला स्वराची उंची ठरविणारी खुंटी होती. प्रत्येक तारेची बारीक जुळवणीही करता येई. घरोघर रियाज करणाऱ्यांनी या पेटीचे स्वागत केले. तंबोऱ्यावर बसण्यास शिष्य नाही, प्रवासात भोपळा फुटण्याची धास्ती, पावसाळ्यात लाकूड फुगण्याचा त्रास, या सगळ्यांतून ती सुटका होती. तीत तार मात्र नव्हती. ‘छेडणे’ हे क्रियापद प्रथम येथे निरुपयोगी झाले.

तारेवाचून तार वाजविण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. पहिला मार्ग नमुन्याचा. खऱ्या वाद्याचा प्रत्येक स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवावयाचा आणि पट्टी दाबताच तो ऐकवावयाचा. इंग्लंडात १९६३ साली आलेल्या मेलोट्रॉन नावाच्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असे. त्यावर व्हायोलिनचा तो तो स्वर मुद्रित केलेला असे. फीत साधारण आठ सेकंदांत संपे आणि तिच्याबरोबर स्वरही संपे. फितीची जागा पुढे अंकांनी घेतली आणि १९९८ च्या सुमारास नमुने थेट संगणकाच्या चकतीवरून वाचण्याची सोय झाल्यामुळे आठ सेकंदांचे बंधन उरले नाही. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग संस्थेने १९९६ साली संगणकावरील स्टुडिओची एक जुळणीपद्धती प्रसिद्ध केली. १९९९ पासून त्या पद्धतीत संपूर्ण वाद्येही बसू लागली, आणि घरातल्या संगणकाला वाद्यशाळेचे रूप आले.

दुसरा मार्ग गणिताचा. स्टॅनफर्ड येथील केव्हिन कारप्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ साली छेडलेल्या तारेची एक अत्यंत साधी रीत प्रसिद्ध केली. काही शे यादृच्छिक अंकांची एक माळ घ्यावी. ती फिरवीत राहावी. आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक अंकाच्या जागी तो आणि त्याचा शेजारी यांची सरासरी ठेवावी. एवढ्यावर ती माळ तारेसारखी वाजू लागते व हळूहळू विझते. माळेची लांबी ही तारेची लांबी होय. काळी एक या पट्टीतला षड्ज दर सेकंदास सुमारे १३८.६ कंपनांचा, संगणक सेकंदाला ४४,१०० अंक वाचतो, म्हणजे या षड्जासाठी सुमारे ३१८ अंकांची माळ पुरते. कल्पना मोहक आहे. पण सरासरी घेण्याच्या क्रियेत वरचे उपस्वर आधी विझतात, आणि जवारीचा स्वभाव नेमका उलट आहे : तेथे तार छेडल्यानंतर वरचे उपस्वर फुलत येतात. रामन् यांनी दाखविलेली घोडी गणितात उतरविल्याखेरीज तंबोरा साधणार नव्हता. संगणकावर प्रत्यक्ष वाजू शकेल अशा अंगाने ते काम बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील मार्टेन व्हान वाल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडले. रामन् यांच्या टिपणापासून तेथवर पंचाण्णव वर्षे गेली.

दोन्ही मार्गांना मराठीत ‘आभासी वाद्य’ असा एकच शब्द वापरला जातो. हा शब्द मला खटकतो. रसाभास, हेत्वाभास या आपल्या शास्त्रांतील संज्ञांत ‘आभास’ म्हणजे खोट्याचे खरेपण. तेव्हा ‘आभासी’ म्हणताच आपण निकाल देऊन मोकळे होतो. नमुन्यातला तंबोरा हा खऱ्या तंबोऱ्याचा खरा आवाज आहे. त्यात आभास असलाच तर तो जुळवणीचा आहे.

तो कसा, हे शहाद्यातल्या उपर्युक्त खोलीत जाऊन पाहू. शहादा-तळोद्याकडे अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी या बोली एकाच बाजारात ऐकू येतात. लग्नसराईपूर्वी अहिराणी गाणी घरच्या घरी तयार करण्याचा उद्योग हौसेने चालतो. एक संगणक, एक ध्वनिग्राहक, दाराला जाड पडदा, एवढी सामग्री. व्हायोलिनांचा ताफा हवा असेल तर तो यादीतून निवडावयाचा. एके काळी असा ताफा मुंबईच्या चित्रपटसृष्टीतच मिळे आणि त्यात गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा असे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली थोर नावे. त्या वादकांचे काम संगणकाने कसे हिरावले, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. येथे एवढेच नमूद करतो की तो ताफा आता शहाद्याच्या खोलीत आला आहे व त्याचे कोणास नवल वाटत नाही.

या खोलीत नमुन्याचा तंबोरा चालू आहे आणि त्यावर नमुन्यांच्या व्हायोलिनांनी गांधार धरला आहे, असे समजा. तंबोऱ्यातला गांधार हा षड्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर. त्याची कंपने १३८.६ च्या पाचपट, म्हणजे सुमारे ६९३. व्हायोलिनांचा गांधार संगणकाच्या पट्टीवरचा. ती पट्टी सप्तकाचे बारा समान भाग करते, आणि तिच्यावर तोच गांधार सुमारे ६९८.५ कंपनांचा येतो. दोहोंत साडेपाच कंपनांचे अंतर पडते आणि सेकंदाला पाचसहा वेळा स्वर थरथरतो. निर्मात्याला काहीतरी बोचते. कशाने, ते त्याला कळत नाही. बहुधा तो तंबोऱ्याचा आवाज कमी करतो. कित्येक ध्वनिमुद्रणांत तंबोरा नावापुरता उरतो, त्याचे एक कारण हे असावे. व्हायोलिनांचा गांधार त्या प्रमाणात उतरविण्याची सोय बहुतेक आज्ञावलींत असते. परंतु ती वापरण्यापूर्वी काहीतरी ‘लागलेले नाही’ हे कानाला कळावे लागते, आणि ते ज्ञान ‘लावणे’च्या जुन्या अर्थाबरोबर आलेले होते.

येथे तुणतुण्याची आठवण होते. गोंधळ्याच्या आणि तमाशाच्या साथीतले हे एकतारी वाद्य मराठीने निष्ठुरपणे म्हणींत घातले. ‘तेच तुणतुणे’ म्हणजे कंटाळवाणी पुनरुक्ती. वाद्यावर हा अन्याय आहे. हाताने छेडलेल्या तुणतुण्याचे कोणतेही दोन टणत्कार सर्वस्वी सारखे नसतात. नमुन्याच्या वाद्याचे असतात, आणि तेथे कान लगेच ओळखतो. म्हणून कुशल निर्माते एकाच स्वराचे चारपाच नमुने घेऊन ते आळीपाळीने वाजतील अशी व्यवस्था करतात. म्हण यंत्राला लागू पडावी आणि तुणतुण्याने तिच्यातून सुटावे, असा हा उलटा न्याय झाला आहे. पश्चिम खानदेशात कोकणा समाजातील कथेकरी पितळी थाळीवर मेणाने काडी उभी करतो आणि तिच्यावरून बोटे ओढून अखंड आधारस्वर काढतो. त्याला तार नाही, पण काम तंबोऱ्याचेच आहे. आणि त्याच्या ओढीत श्वास घेतल्याप्रमाणे चढउतार असतो. घरगुती ध्वनिमुद्रण करणाऱ्या येथील तरुणांनी सतारीचे परदेशी नमुने मिळविण्यापूर्वी या थाळीचे नमुने घेतले असते तर बरे झाले असते. थाळी दूर नाही. ध्वनिग्राहकही हाताशी आहे.

शेवटी परिभाषेविषयी. तंबोऱ्याच्या आभासी रूपांत खुंटी, मणी, दोरा, भोपळा, तबली हे शब्द सहसा आढळत नाहीत. ज्या वस्तू नाहीत त्यांचे शब्दही गेले. एक शब्द मात्र तग धरून आहे, आणि तो सर्वांत सूक्ष्म वस्तूचा आहे. ‘जवारी’ हा शब्द परदेशी आज्ञावलींतूनही भाषांतर न होता तसाच वापरला जातो, कारण त्याला दुसऱ्या भाषेत प्रतिशब्द सापडला नाही. मिरजेत जवारी ‘काढतात’, म्हणजे घोडीचा माथा कानशीने घासून तिला रूप देतात. गायक जवारी ‘खुलवतो’. शहाद्याच्या त्या खोलीत मी ऐकलेले क्रियापद तिसरेच होते : “जवारी वाढव.” पडद्यावर एक दांडी होती व ती डावीकडून उजवीकडे सरकविता येत होती. त्या मुलाने ती शेवटपर्यंत नेली, क्षणभर थांबला, थोडी मागे घेतली, पुन्हा किंचित पुढे नेली, आणि दोन्ही डोळे मिटून ऐकत राहिला. तंबोरा लावला जात होता. ‘वाढवणे’, ‘काढणे’ आणि ‘खुलवणे’ या तीन क्रियापदांचे प्रयोग मिरज, पुणे आणि खानदेश अशा तिन्ही ठिकाणी नोंदवून घेण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने अंगावर घ्यावे. मिरजेतील वृद्ध कारागीर आज बोलते आहेत, तोवर ते व्हावयास हवे.